पिवळी पेटी

आमच्या भागातला आमदार मुदतीआधीच वारला आणि मुंबईच्या कौन्सिलासाठी पोटनिवडणूक लागली. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, मत सरसकट सगळ्यांना नव्हतं. बरा शेतसारा भरणाऱ्याला होतं, आणि त्याच्यामुळे त्याच्या बायकोला. सासरे गेल्यावर जमीन आमच्या मालकांच्या नावावर झाली होती, म्हणून मत मला आलं. सासरे असते तर ते सासूबाईंना मिळालं असतं.

"रान माझ्या धन्यानं कमावलं, आन् मत हिला!" असं त्या चुलीपुढे बसून रोज म्हणायच्या. इकडे मालकांचा वेगळाच जप: "पिवळी पेटी. ध्यानात ठेव." प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळ्या रंगाची असायची, दुसरी हिरवी होती. मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, बघू की!

मतदानादिवशी गाडी जुंपून काष्टीच्या शाळेत गेलो. मी लग्नातलं लुगडं नेसले होते. काय सांगू, बोहल्यावर चढतानाही एवढी खूश नव्हते! बाजार करायचं निमित्त काढून सासूबाईही आल्या. मालक पुरुषांच्या रांगेत गेले, मी बायकांच्या, आणि सासूबाई माझ्या पाठोपाठ.

टेबलाशी अधिकाऱ्याने विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

झालं! नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं कसं? मी वस्ती सांगितली, शेताची खूण सांगितली. "नाव सांगा, नाहीतर मत नाही," तो ठणकावून म्हणाला. दाराबाहेरून कुणी टवाळ ओरडला, "उखाणा घ्या, वहिनी!" माझं डोकंच फिरलं. "तुझ्या घरचं बारसं हाय का रे?" म्हटलं खरं, पण डोळे भरून आले. एवढं नटून आले आणि मत हातचं चाललं होतं.

तेवढ्यात सासूबाई मला बाजूला सारून पुढे झाल्या आणि त्यांनी आपल्या लेकाचं नाव खणखणीत सांगितलं. "माझ्या पोटचा हाय, त्याचं नाव घ्यायला मला कसली लाज? ही त्याची बायको. द्या तिला चिठ्ठी!" सगळी रांग हसली, अधिकारीसुद्धा.

पडद्याआड मी एकटी. समोर दोन पेट्या आणि हे कर, ते कर म्हणणारं कुणी नाही. जन्मात पहिल्यांदाच! मी जरा जास्तच वेळ उभी राहिले.

परतताना मालकांनी विचारलं, "पिवळ्यातच टाकलंस ना?" मी बाजारातली गोडीशेव खात राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

"गप गाडी हाक. नाव तुझं लागलं, मत तिचं हाय."