पहिल्या नंबरची जागा

“ही जागा रिकामी नाय. हयसर मी बसलंय.”

बाजाराच्या दिवशी आमच्या बंदरगावच्या गाडीतळावर कोणी नवखा गाडीवान शिरला, की हे वाक्य ऐकू यायचं. बोलणारा माणूस चहाच्या लाकडी खोक्यावर बसलेला असायचा. एका हातात काळी छत्री, दुसऱ्या हाताचा पंजा समोर उघडा धरलेला. तो पंजा बैलांना कळायचा. गाडीवानाला कळायला थोडा वेळ लागायचा.

तुमच्यापैकी कोणी त्या वर्षांत आमच्या बाजाराला आला असेल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे ‘मुकादम’ म्हणत. मी नगरपालिकेच्या वाचनालयात होतो आणि वाचनालयाची खिडकी थेट गाडीतळावर उघडायची. त्यामुळे माझ्या आयुष्याची कितीतरी वर्षं एका डोळ्याने पुस्तक आणि दुसऱ्या डोळ्याने मुकादम पाहण्यात गेली. ते मला मास्तर म्हणत. मी मास्तर नव्हतो, पण पुस्तकांजवळ बसणारा माणूस आमच्याकडे मास्तरच ठरतो. गेल्या आठवड्यात मुंबईहून आलेल्या एकाने सांगितलं, की मुकादम गेले. तेव्हापासून खिडकीत बसलो, तरी वाचन होत नाही.

मुकादम मूळचे खलाशी. मचव्यावरून कौलं, मीठ, नारळ घेऊन वर खाली फिरलेले. बायको वारली आणि लहान मुलगी एकटी पडली, म्हणून ते किनाऱ्यावर राहिले. नगरपालिकेला तेव्हा गाडीतळ सांभाळायला माणूस हवा होता. आठवड्याच्या बाजाराला मिठबावपासून कसालपर्यंतच्या गाड्या यायच्या आणि जिथे जागा दिसेल तिथे सुटायच्या. गाडी गाडीत अडकायची, चाकाचा आरा मोडायचा, मग शिव्या. त्यात एस. टी. सुरू झाली, एखाददुसरा ट्रक येऊ लागला. नगरपालिकेने नियम केला, की ज्या गाडीला परवान्याचा पत्र्याचा बिल्ला असेल तीच तळावर उभी राहील. बाकीच्यांनी व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्याच्या त्या अंगाला, थांबायचं.

हा नियम मुकादमांनी पाळला, पण स्वतःच्या पद्धतीने. गाडी आली की ते आधी बैलाशी बोलत.

“काय रे, बरो आसंस? पायाक काय झाला तुझ्या?” मग मान वर करून गाडीवानाला विचारत, “बिल्लो खंय?”

“घराक ऱ्हवलो, मुकादमानू.”

“मगे घराकच बाजार भरव.”

एवढं बोलून ते स्वतः गाडी व्हाळापलीकडे नेऊन देत, बैल सोडत, त्यांना पाणी दाखवत आणि गाडीवानाला म्हणत, “तू जा, माल इक. बैलांचो काय गुन्हो नाय.” त्या दिवसांत ते सतत चालत असत. या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते कधी बसलेले मला आठवत नाहीत.

मग त्यांनी आकडे घातले, आणि तिथेच सगळं बिघडलं.

कल्पना साधी होती. तळाच्या कडेने जांभ्याच्या दगडांचा गडगा, कमरेएवढी भिंत, होता. गाड्या त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहत. मुकादमांनी एका सकाळी चुना कालवला आणि गडग्यावर ओळीने आकडे काढले. ज्याला जो आकडा सांगितला तिथे त्याने उभं राहायचं, भांडण नको. फाटकापासून मोजायला सुरुवात केली म्हणून एक नंबर फाटकाशी पडला. ती जागा सगळ्यांत वाईट होती. डोक्यावर ऊन, बाजूला गटार. सावलीचा आंबा पार शेवटी होता. आकडा पडेपर्यंत त्या जागेवर कुत्रंसुद्धा बसत नव्हतं.

पण आपल्याकडे एक हा आकडा नुसता आकडा राहतो का? गावात मानकरी गावकरांची दोन घरं. एक थोरलं, एक मधलं. देवळात पहिला नारळ कुणाच्या हातात द्यायचा यावरून त्यांचं इतकं बिनसलेलं, की तो नारळ द्यायचंच बंद झालं होतं. पुढच्या बाजाराला थोरल्या घरची भाताची गाडी आली आणि सरळ एक नंबरावर उभी राहिली. मागोमाग मधल्या घरची नारळाची गाडी आली.

“तुमची गाडी मागे घेवा.”

“कित्याक? थोरलो कोण?”

“थोरलो कोण ता देवाक ठावक. गाडी मागे घे.”

जू जुवाला भिडलं. कुणाच्या तरी हातात गाडीचा खुंटा आला. मी खिडकी लावून घेतली, हे खरं. उघडून पाहिलं तेव्हा दोन्ही गाड्यांच्या मध्ये मुकादम चहाचं खोकं टाकून बसले होते.

“हयसर आता कोणच नाय. मी बसतंय. मारतलात तर माका मारा.”

त्यांना कोण मारणार? दोन्ही घरं मागे सरली. तो दिवस निभला. पुढच्या बाजारी खोकं नव्हतं, तेव्हा पुन्हा तेच झालं, आणि मुकादम पुन्हा धावत येऊन बसले. मग नगरपालिकेने सुटकेचा निःश्वास सोडला आणि नियमच करून टाकला, की पहिल्या नंबरची जागा मुकादमाची. बाकीचा तळ सांभाळायला एक हाताखालचा माणूस दिला. मुकादमांनी बसायचं. तेवढंच काम.

सुरुवातीला त्यांना गंमत वाटली असावी. “मास्तर, नगरपालिकेचो अध्यक्षसुद्धा एवढो बसणा नाय,” असं ते मला म्हणाले होते. ते खोक्यावरून ओरडत, “गो, पाटी बाजूक घे!”, “अरे, त्या पाड्याक पाणी दाखव!” पण हाताखालचा माणूस बैलांशी बोलत नसे. एखादा बैल लंगडत गेला, की मुकादम अर्धवट उठत आणि दोन्ही घरच्या गाड्यांकडे पाहून पुन्हा खाली बसत.

मुलीचं लग्न झालं आणि ती मुंबईला गेली. जावई गिरणीत. तिला मुलगा झाला. येणाऱ्या जाणाऱ्याबरोबर ती निरोप पाठवी, की बाबा, एकदा या, नातवाला बघा, जमलं तर इथेच राहा. मुकादम निरोप आणणाऱ्याला चहा पाजत आणि सांगत, “शिमगो झालो काय जातलंय.” शिमगा झाला की आंब्याचे दिवस येत, गाड्या वाढत. मग पावसाच्या आधी जाऊ म्हणत. पावसात बोट बंद. मग दिवाळी.

रजा मागितली नाही असं नाही. मागितली की त्याच संध्याकाळी थोरल्या घरचे येऊन बसत. “मुकादमा, तू गेलंस तर डोकी फुटतली.” ते गेले की मधल्या घरचे येत आणि तेच सांगत. दोन्ही घरांचं एकमत व्हायची गावात ही एकच गोष्ट होती. मुकादम हसत आणि रजेचं विसरून जात. निदान तसं दाखवत.

एका वर्षी पावसाने गडग्यावरचा चुना धुऊन नेला. तो दरवर्षीच जाई. ऊन पडलं की मुकादम पुन्हा आकडे काढत. त्या वर्षी त्यांनी चुना आणला, कालवला आणि दोन दिवस तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी माझ्या खिडकीशी आले.

“मास्तर, आकडे काढलेच नाय तर?”

“तर काय?”

“आकडोच नाय, तर पयलो नंबर खंयचो? आणि पयलो नंबर नाय, तर मी कित्याक बसू?”

इतका आनंदी चेहरा मी त्यांचा पूर्वी पाहिला नव्हता. आम्ही दोघांनी मिळून तो चुना वाचनालयाच्या मागच्या भिंतीला फासला. बोटीची चौकशीही त्यांनी त्याच दिवशी करून ठेवली.

बाजाराच्या सकाळी ते खोकं न घेता फाटकाशी उभे राहिले. मी खिडकीत. गाड्या येऊ लागल्या. कोरा, शेवाळलेला गडगा, त्यावर एकही रेघ नाही. पहिली गाडी आली, बैल क्षणभर थांबले आणि दोन नंबरच्या जागेवर जाऊन उभे राहिले. मग तीन. मग चार. गाडीवानांना काही सांगावं लागत नव्हतं. थोरल्या घरची गाडी आपल्या जागी, मधल्या घरची आपल्या जागी. फाटकाशी बरोबर एका गाडीची जागा मोकळी राहिली, आणि दोन्ही घरची माणसं त्या जागेकडे आणि मग एकमेकांकडे पाहू लागली.

थोरल्या घरच्यांनी हाक मारली, “मुकादमा, खोको खंय तुझो?”

मुकादम शेजारच्या चहाच्या हॉटेलातून खोकं घेऊन आले, ठेवलं आणि बसले. छत्री उघडायला त्यांना त्या दिवशी बराच वेळ लागला.

त्यानंतर ते शिमग्याचं नाव काढेनासे झाले. निरोप आला की नुसतं “बरा” म्हणत. बैलांशी मात्र जास्त बोलू लागले. दोन आणि तीन नंबरचे बैल, तेवढेच बसल्या जागेवरून ऐकू जाण्यासारखे.

शेवटी मुलगीच आली. भर बाजारात, काखेत पोर, सरळ गाडीतळावर. बापासमोर उभी राहिली आणि त्याला काही न बोलता दोन्ही घरच्या माणसांकडे वळली.

“माझ्या बापाशीक तुमी खुटो करून ठेवलात! तुमच्या मानापायी ह्यो उन्हात सुकता. नातू चालूक लागलो, तरी आज्यान तेचा तोंड बगूक नाय. लाज वाटणा नाय?”

“गो, हळू बोल,” मुकादम म्हणाले. “बैल बुजतत.”

“बुजांदेत!”

थोरल्या घरचा म्हातारा पुढे आला. “चेडवा, आमी काय तेका बांधून घालूक नाय.”

“नाय मां? मगे उठवतंय मी.”

आणि तिने खरंच दंडाला धरून त्यांना उठवलं. मुकादम उभे राहिले आणि उभं राहून काय करायचं असतं हे विसरल्यासारखे इकडेतिकडे पाहू लागले. पोराने त्यांच्या छत्रीची मूठ धरली. मग ते निघाले. फाटकातून मागे वळून मला म्हणाले, “मास्तर, वायच खोक्यार लक्ष ठेवा.”

पुढच्या बाजाराला पोलिसपाटील मुद्दाम येऊन बसले. दुकानदारांनी अर्धी दारं लावून घेतली. मी खिडकी उघडी ठेवली. गाड्या आल्या, आपापल्या जागी उभ्या राहिल्या. खोकं रिकामं होतं. कुणी त्याच्याकडे गेलं नाही. त्याच्या पुढच्या बाजारीही नाही. पावसाळ्याच्या तोंडावर हॉटेलवाल्याने ते खोकं फोडून चुलीत घातलं. जागा तशीच राहिली. कुणी भांडलं नाही. पोलिसपाटील यायचे बंद झाले.

पुढच्या वर्षी वाचनालयाची पुस्तकं आणायला मी मुंबईला गेलो, तेव्हा पत्ता शोधत त्यांच्या चाळीत पोचलो. एक खोली, माणसं बरीच. मुकादम बाहेरच्या सज्जात भिंतीला टेकून बसले होते. सज्जा इतका अरुंद, की कुणी बादली घेऊन आलं की त्यांना पाय पोटाशी घ्यावे लागत.

“मास्तर! कधी इलात?”

मग त्यांनी एकेका बैलाची चौकशी केली. माणसांची नाही. चहा झाला. मुलगी आत गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

“एक विचारू? खरा सांगा. मारामारी झाली?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. वाटेत मी दोन्ही उत्तरं घोळवून पाहिली होती. झाली म्हणावं तर हा माणूस उद्याच्या बोटीने परत जाऊन तिथे बसणार. नाही म्हणावं तर...

“नाही,” मी म्हणालो.

“पयल्या बाजारीसुद्धा?”

“नाही.”

“आणि जागा?”

“मोकळीच आहे.”

एक बाई कपड्यांची बादली घेऊन गेली. त्यांनी पाय जवळ घेतले आणि ती गेल्यावरही लांब केले नाहीत.

“म्हणजे मी कधीय उठलंय असतंय, तरी चालला असता.”

थोड्या वेळाने मी उठलो, तसे तेही उठले. “चला, तुमका खालपर्यंत सोडतंय.”

खाली आलो. मी निरोप घेतला. “वायच फुडे येतंय,” ते म्हणाले. कोपऱ्यापर्यंत आले. तिथून पुढच्या कोपऱ्यापर्यंत. मोटारी, हातगाड्या, घोड्यांच्या व्हिक्टोरिया, कुठे काय उभं आहे याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते भराभरा चालत होते. मला त्यांच्या मागून जवळजवळ पळावं लागत होतं. प्रत्येक वळणावर मी थांबे आणि ते म्हणत, “वायच फुडे.” शेवटी आम्ही समुद्रापाशी पोचलो. भिंतीवर हात ठेवून ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले.

“आता घरी जा, मुलगी वाट पाहील,” मी म्हणालो.

ते ओशाळून हसले. “वाट माका ठावक नाय, मास्तर. हयसर इल्यापासून मी आजच भायर पडलंय.”

मग मी त्यांना परत आणून सोडलं. येताना ते हळू चालत होते. चाळीचा जिना चढून सज्जात आलो, त्यांनी भिंतीला टेकून बसण्यासाठी हात टेकला आणि पुन्हा उभे राहिले.

“चला,” ते म्हणाले, “तुमका खालपर्यंत सोडतंय.”

“नको, मुकादम. तुम्ही बसा.”

ते बसले. मला जायला वाट हवी, म्हणून त्यांनी पाय जवळ घेतले.