पडवीतला एलोजी

कल्याणात तेव्हा इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं सहा आणि मोठे पुरुष नऊ. एकत्र प्रार्थनेला दहा लागतात. दहावा शालोम तारमास्तर. तो शुक्रवारी दुपारच्या गाडीनं ठाण्याहून यायचा आणि आपल्याविना देव कल्याणात उतरतच नाही अशा थाटात पायरी चढायचा.

अकरावा एलोजी सुतार, पण तो मोजण्यात नव्हता. बाप इस्राएल, आई तुळसा कुणब्याची. म्हणून एलोजी ‘काळा इस्राएल’. रंगाशी याचा संबंध नाही. जमातीचे मुकादम मुसाजी तव्याच्या बुडासारखे होते, तरी गोऱ्यांत.

प्रार्थनेची भाड्याची खोली, जिला सगळे मशीदच म्हणत, ती वीस वर्षं एलोजीनं झाडली. दिव्यांत खोबरेलही तोच घालायचा. शनिवारी मात्र पडवीत बसून आतली प्रार्थना ओठांतल्या ओठांत म्हणायची. बायको वारलेली, मूलबाळ नाही. आठवडाभर घरात बोलायचा तो एकटा रंधा.

त्या भादव्यात अलिबागेहून आबाजी कीर्तनकार आले. मुसाजींच्या अंगणात यिर्मया नबीचं आख्यान लावलं. दरबारातले सरदार त्यांनी असे नाकात बोलवले की बायका पदरात तोंड घालून हसल्या. ‘शहर जळणार’ म्हणणाऱ्या नबीला सरदारांनी चिखलाच्या हौदात टाकलं. बाहेर काढलं कुणी? राजाच्या एका हबशी चाकरानं. दोर काचू नये म्हणून त्यानं आधी जुन्या चिंध्या खाली सोडल्या, काखेत धरा म्हणाला. पुढे शहर जळलं, सरदार मारले गेले, आणि देवानं त्या परक्याचा जीव राखला.

कीर्तन संपल्यावर आबाजींच्या हातावर पाणी घालताना एलोजीनं हळूच विचारलं, की तो हबशी मग प्रार्थनेला कुणात बसायचा? ग्रंथात एवढंच आहे, आबाजी म्हणाले, की देव त्याला म्हणाला, तू माझ्यावर भरवसा ठेवलास. सकाळी ते गेलेही.

पुढच्याच आठवड्यात दारफाळणीचा सण आला. देव वर्षाचा न्याय करतो तो दिवस. सगळ्यांना कडक उपास. आणि नेमका शालोम आलाच नाही. तापानं पडलाय, असा निरोप आला. मुसाजींनी काठीचं टोक एकेका पागोट्याकडे नेत दोनदा मोजलं. दोन्ही वेळा नऊच.

दहा नाहीत तर सेफेर, म्हणजे नियमशास्त्राची गुंडाळी, उघडता येत नाही. उन्हं चढली. उपाशी पोटी कुणीतरी जांभई दिली.

एलोजी उंबऱ्याशी उभा राहिला. “मुकादम, मला मोजा.”

मुसाजी आधी खाकरले. खाकरल्याशिवाय त्यांचं वाक्य निघत नसे. “हं. तर काय, एलोजी, कीर्तन निराळं, मशीद निराळी.”

“कीर्तनाचं नाही म्हणत मी. आज न्याय आहे, आणि सेफेर बंद आहे.”

मुसाजींनी सेफेरच्या कपाटाकडे बघितलं, मग स्वतःच्या काठीकडे. “हं. तर काय, आजच्यापुरता.”

काठीचं टोक एलोजीच्या पागोट्याकडे आलं. तो आत गेला. चटईवर जागा झाली, जरा जास्तच झाली. दोन्हीकडे हात-हात रिकामी. सांजेपर्यंत तो तिथेच होता. पडवीत सगळ्यांच्या मागोमाग म्हणायची सवय, त्यामुळे आतही त्याचा आवाज शब्दभर मागे पडत राहिला. उपास सुटला, माणसं रीतीप्रमाणे एकमेकांच्या हाताला हात लावून आपापल्या बोटांचं चुंबन घेत निघाली. त्याच्यापर्यंत येता येता पांगली.

शनिवारी शालोम आला, ताप कसा चढला ते सांगत. एलोजी सगळ्यांच्या आधीच येऊन आत बसलेला होता, भिंतीशी.

मुसाजी खाकरले. सगळ्यांनी मान वळवली. एलोजीनं वळवली नाही. मुसाजींचं वाक्य काही निघालं नाही. त्यांनी काठी उचलली, दारापासून मोजायला सुरुवात केली, दहा झाले तसे थांबले. टोक भिंतीपर्यंत पोचलंच नाही.

एलोजी उठला नाही. प्रार्थना सुरू झाली, आणि या खेपेला त्यानं पहिला शब्द सगळ्यांबरोबर उचलला.