आईच्या मापाचा माइक

माझं एक वाईट आहे. एखादी वस्तू घ्यायची ठरली की मला दुसरं काही सुचत नाही. मिक्सर घेताना मी इतकी दुकानं पालथी घातली होती, की शेवटच्या दुकानदारानं हात जोडले, ‘‘मॅडम, चटणीच वाटाची हाये ना?’’ तेव्हा आईसाठी माइक घ्यायचा म्हटल्यावर माझं काय झालं असेल याचा अंदाज करा. आणि हातात दिवस होते फक्त आठ.

दिवाळीनंतर आमच्याकडे पूर्व विदर्भात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. आई तीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत गायली. आधी नायिका झाली, मग नायिकेची मोठी बहीण, मग आई, मग खाष्ट सासू. वयाप्रमाणे भूमिका बदलत गेल्या, गाणं मात्र कायम राहिलं. तीन वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले. स्टेजवर चढता येईना, रात्रभर उभं राहता येईना. कंपनी सुटली, आणि तिनं गाणंच टाकून दिलं. विहारात वंदनेला बसली तरी नुसते ओठ हलायचे. घरात आम्ही दोघीच. मी मूल गावातल्या शाळेत शिकवते, सकाळी स्कूटीनं जाते, संध्याकाळी येते. मी कधी म्हटलंच, ‘‘आई, एखादं म्हण ना,’’ तर ती म्हणायची, ‘‘झालं आता ते.’’ मला त्या तीन शब्दांचा भयंकर राग यायचा.

यंदाच्या मंडईत तिच्या जुन्या कंपनीचे मालक भेटले. खुर्चीवर बसलेल्या आईजवळ येऊन त्यांनी विचारलं, ‘‘बाई, आवाज हाये का गेला?’’

‘‘कुठी जाते भाऊ? बसला हाये घरी, माह्यासारखा.’’

मालक हसले, मग जरा खाली वाकून बोलू लागले. नव्या नाटकात एक मेलेली आई आहे, ती दिसत नाही, पडद्यामागून तिचं गाणं तेवढं ऐकू येतं. गाणारी पोरगी गोड गाते, पण गाण्याला वजन नाही. ‘‘तुम्ही घरूनच रेकॉर्ड करून पाठवा. जमलं त हंगामभर तेच वाजवतो. पण आठ दिवसात पायजे, मंग आमची तालीम हाये.’’

आई म्हणाली, ‘‘पाहू.’’

पाहू! ‘झालं आता ते’ नाही, ‘पाहू’! माझ्या हातातली जिलेबी तशीच राहिली. मी तिथेच ठरवून टाकलं, की हे गाणं असं रेकॉर्ड करायचं की मालकांची बोलती बंद झाली पाहिजे.

आधी मोबाइलवर करून पाहिलं. आवाज पिंपातून आल्यासारखा. मग मी व्हिडिओ पाहायला बसले. बापा बापा, घरी बसून गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांची केवढी मोठी दुनिया आहे! जो तो काळ्या स्पंजच्या भिंतीपुढे बसून सांगतोय, ‘स्वस्तात मस्त माइक कोणता’. दोन दिवसांत मी पंडित झाले. माइक मुख्यतः दोन जातीचे. एक कंडेन्सर: कान फार तिखट, लांबचं बारीकसारीकही ऐकतो. दुसरा डायनॅमिक: आपल्या सभासमारंभातला दणकट माइक. तोंडाजवळ धरला तरच ऐकतो, बाकी जगाशी त्याला देणंघेणं नसतं. कंडेन्सरमध्येही एक थेट लॅपटॉपला लागणारा, आणि एक असा की त्याला मधे आणखी एक डबा लागतो, त्या डब्यातून वीज द्यावी लागते. त्या डब्याचाच खर्च माइकपेक्षा जास्त! मी थेट लागणाऱ्यावर शिक्कामोर्तब केलं. शाळेत पेपर तपासतानाही माझ्या डोक्यात माइकच. एका पोराला चुकून दहापैकी अकरा गुण दिले.

रविवारी सकाळी स्कूटीला किक मारली तेव्हा आई ओसरीवरून ओरडली, ‘‘पाच वाजाच्या आत येजो वं, रस्त्यावर वाघ बसून राह्यते!’’

चंद्रपूरच्या दुकानातला माणूस चांगला होता. त्यानं दोन्ही जातीचे माइक लावून माझ्या कानाला हेडफोन दिला. कंडेन्सर लावला नि मी दचकलेच. त्याच्या शर्टाची बाही टेबलाला घासली तेही ऐकू आलं! ‘‘भाऊ, हाच द्या,’’ मी म्हणाले. तो म्हणाला, ‘‘मॅडम, घर शांत हाये का पण?’’ मी म्हटलं, ‘‘एकदम शांत.’’ मी खोटं बोलले नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं.

आपल्या घरात किती आवाज आहेत हे माणसाला कंडेन्सर माइक घेतल्यावर कळतं. बैठकीत टेबलावर माइक उभा केला, आईला समोर बसवलं, गाणं रेकॉर्ड केलं आणि ऐकलं. त्यात राइस मिल होती. शेजाऱ्यांच्या खळ्यावरची मळणी होती. एक कोंबडा होता, दोन बकऱ्या होत्या, भिंतीवरचं घड्याळ होतं. आणि या सगळ्यांच्या मधे कुठेतरी माझी आई होती. तीही कशी, सुरुवातीला लाजल्यासारखी बारीक, आणि वरच्या पट्टीला गेली की एकदम आवाज फाटून चर्रर्र!

‘‘आई, जरा हळू.’’

‘‘हळू म्हणू त गाणं कसं म्हणू?’’

‘‘मग थोडी मागं सरक.’’

ती मागे सरकली. आता बकऱ्या जास्त आणि आई कमी. माझं डोकं फिरलं.

खोली तरी बदलू म्हणून आम्ही मागच्या कोठीत गेलो. तिथे नुकत्याच झालेल्या मळणीची धानाची पोती छतापर्यंत रचलेली. मी टाळी वाजवून पाहिली तर टाळी जागच्या जागी मेली! घुमत काहीच नव्हतं, बाहेरची मळणीही जेमतेम कानावर येत होती. व्हिडिओतले लोक हजारो रुपयांचा स्पंज भिंतीला चिकटवतात, आणि आमच्याकडे आख्खी खोली फुकट तयार! मी तिथल्या तिथे उड्या मारल्या. आई म्हणाली, ‘‘पोतं पडन अंगावर.’’

पण आईचा आवाज काही सुटेना. माइक समोर उभा केला की ती त्याच्याकडे बघत राहायची, दवाखान्यात तपासायला आल्यासारखी. मी विचार केला, हिला सवयीचा माइक देऊ. बाजारात लग्नाकार्याचं साउंड लावणाऱ्या एका भाऊंकडे डायनॅमिक माइक होता. तो दोन दिवसांसाठी मागून आणला. वायर कशीबशी जोडली, माइक आईच्या हातात दिला. ती आभारप्रदर्शन केल्यासारखी गायली. ओठांपाशी धर म्हटलं की धरायची, आणि पहिल्याच ओळीला तिचा हात आपोआप हावभावाला निघून जायचा, माइकसकट. आवाज आला, गेला, आला, गेला.

सहावा दिवस उजाडला. आईनं माइक पोत्यावर ठेवला. ‘‘नाई जमत वं. सांगून दे त्याईले.’’

‘‘काऊन नाई जमत? तीस वर्षं माइकवरच गायली ना तू!’’

‘‘झालं आता ते.’’

माझा ताबाच सुटला. ‘‘तुझी ती आवाज फेकायची सवय आधी सोड! इथे कोणी मैदानात बसलं नाहीये!’’

बोलले आणि लगेच जीभ चावली. आईनं सूप घेतलं आणि तिथेच खुर्चीवर बसून तांदूळ निवडू लागली. मी वायरी गुंडाळत राहिले. मला रडू येत होतं. एवढा खटाटोप करून मी तिला हेच पटवून दिलं होतं, की तिचं गाणं खरंच संपलं.

मग तीच बोलली. माझी समजूत घालायच्या सुरात, आई असल्यामुळे. ‘‘आमच्या टायमाले माइक असा तोंडात नोता वं. स्टेजवर वरतून लटकून राहे. चार-पाच. ज्याले बोलाचं त्यानं त्याच्याखाली जाऊन उभं राहाचं, हात मोकळे. गाणं असलं की मान अशी थोडी वर कराची...’’

दाखवण्यासाठी तिनं मान थोडी वर केली. आणि सूप मांडीवर तसंच ठेवून तिनं गाण्याची पहिली ओळ म्हटली.

काय सांगू! भरलेला, मोकळा, जरा जाडसर, मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत जाणारा आवाज. तोच, जो मी तीन वर्षं ऐकला नव्हता. तिची नजर वरच्या लाकडी मयालीकडे, आडव्या तुळईकडे होती, जणू तिथे माइक लटकतोय.

‘‘आई, हलू नको! हलूच नको!’’ मी किंचाळलेच.

‘‘काय झालं? विंचू हाये का?’’

मी स्टूल ओढलं. मयालीला कडी होतीच. कंडेन्सर आणला, ओढणीनं घट्ट बांधला आणि उलटा लटकावला, तिच्या डोक्याच्या दीड-दोन हात वर. डायनॅमिकचं तिथे काम नव्हतं, त्याला एवढ्या लांबचं ऐकूच येत नाही. पण कंडेन्सरचा तो तिखट कान, ज्याला मी रविवारपासून शिव्या घालत होते, तो आता बरोब्बर कामाचा होता. ती जवळून ओरडली की आवाज फाटायचा, लांबून फेकला की माइक तो पूर्ण पकडणार होता. मी एवढे व्हिडिओ पाहिले, पण माइक कोणता घेऊ एवढंच विचारत बसले. आई गाते कशी, हे कुठे विचारलं होतं? वा रे पंडित!

आईनं वर पाहिलं. तिच्या खांद्यांत काहीतरी सैल झालं. ‘‘आता कसं,’’ ती म्हणाली, आणि दोन्ही हात मोकळे सोडून सुरू झाली.

पूर्ण गाणं झालं तेव्हा माझे डोळे वाहत होते. मी तिच्या कानाला हेडफोन लावला. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, ‘‘दुसऱ्या कडव्यात दम कमी पडला. पुन्हा घे.’’ बरं, पुन्हा घेतलं. ‘‘ते ‘लेकरा’ कच्चं आलं. पुन्हा.’’ मी थकले, ती नाही! आणखी सहा वेळा गायली. मधेच एका बकरीनं तोंड घातलं तर तिला दारातून अशी काही शिवी हासडली, की ती खाष्ट सासू मला पुन्हा दिसली. सातव्या वेळचं गाणं आम्ही पाठवलं.

मग दोन दिवस काहीच नाही. फोन नाही, मेसेज नाही. आई विचारायची नाही, पण फोन वाजला की तिचे हात थांबायचे. मी शाळेतून सुट्टीत दहा वेळा मोबाइल पाहायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात जीप थांबली. मालक स्वतः आले होते. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘बाई, ते रेकॉर्डिंग मी वाजवणार नाई.’’

 आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, तेवढ्यावर थांबली.

‘‘काऊन?’’ मीच विचारलं, आणि माझा आवाज चढला. ‘‘काय कमी आहे त्यात? सहा दिवस जीव काढलाय आम्ही!’’

‘‘काईच कमी नाई मॅडम. म्हणूनच नाई वाजवत. आपली पब्लिक जिवंत माणूस आयकाले येते. असा आवाज टेपवर लावला त लोक म्हणतीन, बाईले घरी बसवून टेप वाजवून राह्यले. मले वाटलं होतं गुडघ्यासंग आवाजही गेला असन. तुमचं ते रेकॉर्डिंग मी तालमीत लावलं, सारे कलाकार चूप.’’ मग ते आईकडे वळले. ‘‘बाई, स्टेजवर चढाचं नाई. खाली, हार्मोनियमवाल्याच्या बाजूले खुर्ची टाकतो. माइक तिथी लटकवतो. उद्या पयला प्रयोग हाये. येता का?’’

आईनं गुडघ्यावर हात ठेवला, जरा दाबला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘‘गाडी किती वाजता येईन?’’ तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी जीप चारला येणार होती. आई बारालाच नेसून बसली. केसांना तेल, कपाळावर टिकली, पिशवीत शाल आणि गोळ्यांची पट्टी. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. जीप आली, मी तिला धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि माझीही पिशवी मागे टाकली. माझं तर ठरलेलंच होतं, पहिल्या प्रयोगाला मी पहिल्या रांगेत.

आईनं मागे वळून ती पिशवी पाहिली. ‘‘तू कायले येतं? उद्या शाळा हाये तुले. घरी राह्य. दार लावून घेजो, दूध गरम करून पेजो.’’

लहानपणी दर हिवाळ्यात ती हेच बोलून कंपनीच्या गाडीत बसायची. आणि मी याच दारात पाय आपटून आपटून रडायचे, गाडी दिसेनाशी झाली तरी. मला ते नाटक नको असायचं, ते गाणं नको असायचं, मला फक्त ती घरी पाहिजे असायची. आता ती तीन वर्षं घरी होती. आणि मी सहा दिवस धडपड करून, घसा फोडून, तिला पुन्हा त्या गाडीत बसवलं होतं.

मी पिशवी काढून घेतली. जीप वळली. कोपऱ्यापर्यंत जाईतो तिनं आतूनच आवाज लावून पाहिला, आणि मी दारात उभी राहून हसत हसत रडले.