गिअरबॉक्सला हात लावायचा नाही

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला नीट सांगता येईल.

परभणीच्या एका निवृत्त प्राध्यापकांची जुनी ऑटोमॅटिक गाडी मी घेतली. आमच्या गावी, बोरीत आणली, नारळ फोडला, हॉटेलवर चहाला बसलो आणि प्रश्न निघाला: गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं का नाही?

"नका बदलू गुरुजी," हॉटेलवाले शेषरावमामा म्हणाले. "जुन्या गाडीचं ऑइल बदललं की गिअर घसरायलाच लागतंय."

मामांकडे सायकल आहे. पण बोलणं इतकं ठाम, की मला पटलं.

बायको म्हणाली, "अवो, ज्यांच्याकून घेतली त्यांना तर इचारा!"

गाडी आपली आणि अक्कल दुसऱ्याची? छे! मी निर्णय जाहीर केला. फक्त इंजिनचं ऑइल बदलायचं, गिअरबॉक्सला हात लावायचा नाही म्हणजे नाही. गॅरेजवाला उगाच हात लावेल, म्हणून तेही काम मी घरीच काढलं.

गाडीखाली शिरलो, बोल्ट सोडला. काय ऑइल निघालं सांगू! लालबुंद, गुलाबाच्या सरबतासारखं.

"बघ," मी बायकोला म्हणालो, "सरांनी इंजिन किती जपलंय!"

बोल्ट आवळला, इंजिनात नवं ऑइल ओतलं, हात धुतले.

दुसऱ्या दिवशी परभणीत मेहुण्याचा साखरपुडा. नवरदेव आणि पाहुणे पुढे गेलेले. नवरदेवाची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि त्यांच्या पर्समधली नवरीची अंगठी आमच्या गाडीत. हट्ट माझाच. "आई एसीत येतील!"

बोरी संपली आणि गाडीही संपली. इंजिन बोंबलतंय, मागून पांढरा धूर, गाडी जागची हलेना.

"जावईबापू, काय जळायलंय का वो?" सासूबाईंनी विचारलं.

मुहूर्त जवळ आलेला, मेहुण्याचे फोनवर फोन. मला खरंच रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मी चिडतो. लावला प्राध्यापकांना फोन. तोही स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

"सर, तुमी फसवलं आमाला! गिअरबॉक्स गेलेली गाडी दिली!"

"ऑइल पाहिलंत का?"

"इंजिनचं कालच बदललं, मी स्वतः. जुनं एकदम लाल, स्वच्छ निघालं."

पलीकडून सर वर्गात शिकवावं तसे सांगू लागले.

"गुरुजी, इंजिनचं जुनं ऑइल काळं असतं. लाल असतं ते गिअरबॉक्सचं."

म्हणजे ज्याला कुणी हात लावू नये म्हणून एवढी खबरदारी घेतली, तो गिअरबॉक्स मीच रिकामा केला होता. आणि इंजिनात जुन्यावर नवं ओतून ते गळ्यापर्यंत भरलं होतं. सासूबाई खिडकीबाहेर कापूस बघत बसल्या.

शेवटी बाजाराला शेळ्या घेऊन निघालेला टेम्पो थांबला. सासूबाई ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघं मागे शेळ्यांत. अंगठी मुहूर्तावर पोचली, एवढं देवानं राखलं.

जेवताना नवरीच्या वडिलांनी विचारलं, "गुरुजी, गाडी घेतली म्हणे. कशी हाय?"

मी घास गिळेपर्यंत बायकोनं उत्तर दिलं.

"गाडीत काहीच खोट न्हाई. पहिला मालक लय चांगला व्हता."