आईसाठी मुंबईच्या गोळ्या

आमच्या मंडणगडकडच्या गावात मुंबईहून येणारा माणूस हात हलवत येत नाही. बाबा गेल्यावर मात्र आईला साडी नको, खाऊ नको, काही नको झालं. तिला हवी फक्त झोपेची गोळी. बाबांच्या दिवसकार्यात तिचा डोळ्याला डोळा लागेना, म्हणून डॉक्टरांनी ती दिली होती. थोडेच दिवस घ्या, मग बंद करा, असं बजावलंही होतं. पण ऐकतंय कोण!

मुंबईतल्या थोरल्या भावाने डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला होता. तो फोटो धाकट्याकडे गेला, पुढे चुलतभावाकडे. ओळखीचा औषधवाला चिठ्ठीवरची तारीख बघतोय कशाला? जो गावी येईल तो पाकीट आणायचा, आणि आईची काळजी काय ती आपणच घेतो, असं प्रत्येकाला वाटायचं. आईही वस्ताद. दुसऱ्यांना कशाला त्रास, तूच आण हो बाबा, असं एकेकाला फोनवर हळूच सांगायची.

मी तिच्याजवळ राहायचे. शाळेत शिकवून घरी यावं तर ती पेंगत असायची. जीभ जड, पाय लटपटत, बोलता बोलता मध्येच हरवायची. बाबांचं नाव काही तिच्या तोंडी यायचं नाही. वय झालं, असं सगळे म्हणायचे. गोळ्या संपत आल्या की मात्र हे वय कुठल्या कुठे पळायचं. हात थरथरायचे, भांडी आपटली जायची, आणि मुंबईची गाडी यायच्या आधीच ती रस्त्यावर जाऊन उभी राहायची. इतकं डोळ्यांसमोर घडत होतं, तरी कुणाची ट्यूब पेटली नाही. मला अजून संताप येतो.

शिमग्याला पालखी अंगणात आली, तेव्हा डोळे उघडले. पालखी यायची म्हटली की आई सडा घालून आधीच दारात उभी असायची. त्या दिवशी बाहेर ढोल वाजत होते आणि ती आत जमिनीवर पडलेली. हलवलं, तोंडावर पाणी मारलं, पण ती हूं की चूं करेना. काल मी आणलेल्यातली एखादी जास्त घेतली असेल, असं थोरला पुटपुटला. काल तर मी दिल्या, धाकटा म्हणाला. चुलतभाऊ गाडी काढायला धावला. त्यानेही दिल्या होत्या. बाहेर पालखी नाचत राहिली आणि आम्ही तिला उचलून गाडीत घातलं.

वाचली. पण गोळी एकदम तोडू नका, झटके येतील, आम्ही सांगू तशी हळूहळू कमी करा, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा पाकीट आणलंत तर उंबरा चढू देणार नाही, असा दम मी भावांना दिला. ते गेले मुंबईला, सुटले. मागे आम्ही दोघी. ती गोळीसाठी माझ्या, पोटच्या पोरीच्या, पाया पडायची. दिली नाही की शिव्याशाप द्यायची, लेक माझं औषध चोरते म्हणून शेजारी सांगत फिरायची. तिच्या त्या डोळ्यांत मी कुणीच नसायचे. देवाशपथ सांगते, स्वतःच्या आईची भीती वाटायची मला.

भातकापणीच्या सुमारास गोळीचा शेवटचा तुकडाही बंद झाला. जीभ सुटली, पाय स्थिर झाले, ती चुलीपुढे बसायला लागली. सुटलो बाई, असं मला वाटलं.

एका सकाळी ती भाकरी थापता थापता थांबली. पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून घरभर बघत राहिली. मग तिने असा हंबरडा फोडला की मी शाळेची पिशवी टाकून धावले. ती बाबांना हाका मारत होती, छाती पिटत होती. मला कुणी सांगितलं का नाही, असं पुन्हा पुन्हा विचारत होती. वाडीतली माणसं कापणी टाकून गोळा झाली. शेजारच्या काकी हातातल्या कोयत्यासकट आत आल्या आणि त्यांनी घाबरून मला विचारलं, "कोण गेलं गो?"

"बाबा," मी म्हटलं.