बॉयलरशेजारचा कोपरा

नोटबुर्गा फाल्कनरच्या घरी टिलमानने कधी खोली राखून ठेवायला सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीतला त्याचा आठवडा संपला की तो आपली स्कीची जोडी तळघरात बॉयलरशेजारच्या कोपऱ्यात उभी करायचा आणि म्युन्स्टरला निघून जायचा. स्की राहिल्या म्हणजे माणूस पुढच्या वर्षी त्याच शनिवारी येणार आणि वरची कोपऱ्यातली खोली त्याची. ऑस्ट्रियाच्या टिरोलमधल्या त्या गावात जुन्या घरांतून सुट्टी अशीच ठरे. फोन नाही, पत्र नाही. पण एखाद्या वर्षी पाहुणा स्की खांद्यावर टाकून तळघराचा जिना चढला, की संबंध संपला. मग पाव आणायला गेलं तरी बायका विचारायच्या, काय गं, तुझ्या म्युन्स्टरवाल्याशी बिनसलं का?

नवरा गेल्यावर नोटबुर्गाने हे घर एकटीने चालवलं होतं. दारातला बर्फ लोटला, पाहुण्यांच्या चादरी बदलल्या, सूपमध्ये सोडायचे पावाचे गोळे वळले, आणि दिलेला शब्द कधी फिरवला नाही. बाईचा तोरा काय तो एवढाच. आता कारभार मुलाकडे, गेबहार्टकडे, होता. गेबहार्ट कॉम्प्युटरवर दिसेल त्यालाच पाहुणा मानायचा, आणि टिलमान त्यात कधीच दिसायचा नाही.

त्या शनिवारी सकाळपासून बर्फ कोसळत होता. कार्निव्हलचा आठवडा, गावात पाय ठेवायला जागा नाही. समोरच्या बारमध्ये माणसं स्कीचे जड बूट घालून दिवसाउजेडी टेबलांवर नाचत होती. नोटबुर्गा मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती. टिलमानच्या वाटेवरची खिंड बंद झाल्याचं रेडिओने दुपारीच सांगितलं होतं.

"आई, तो आज येत नाही," गेबहार्ट म्हणाला. "दारात नवराबायको उभी आहेत. सगळं गाव पालथं घालून आलीत. बाई थंडीने काकडतेय."

"खोली दिलेली आहे."

"कुणाला? तळघरातल्या दोन फळ्यांना? गेल्या वर्षी तो किती खोकत होता, आठवतंय ना? माणूस जगात आहे की नाही, ते तरी ठाऊक आहे का तुला?"

हे तिला लागलं. कारण तीच भीती तिला शरद ऋतूपासून खात होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. ती दारात गेली. बाईचे ओठ खरंच निळे पडले होते. नोटबुर्गाने किल्ली काढून दिली.

संध्याकाळी ती सूप गॅसवरून उतरवत होती, तेवढ्यात टिलमान दारात आला. भुवयांवर बर्फ, हातात तीच जुनी बॅग. खिंडीत दिवसभर अडकून पडला होता.

"नोटबुर्गा, उशीर झाला, माफ करा."

गेबहार्टच पुढे झाला आणि खोली दुसऱ्यांना दिल्याचं त्याने सांगून टाकलं. टिलमानने वर, जिन्याकडे पाहिलं. वरून त्या बाईचं हसू ऐकू येत होतं.

"बरोबरच आहे," तो म्हणाला. "एवढ्या वादळात कोण वाट बघणार?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने बॅग भिंतीशी ठेवली आणि तो तळघराकडे वळला.

नोटबुर्गा एप्रन सावरत धावली आणि जिन्याच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. "टिलमान, खाली जायचं नाही. माझी खोली घ्या. मी स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपते."

"हे काय भलतंच. घरमालकिणीला बाकावर झोपवू?"

"शब्द मी मोडला, बाकावरही मीच झोपणार. आधी सूप घ्या, निवतंय."

तो तिच्या खोलीत राहिला, पण आठवडा काही सरता सरेना. टिलमान सकाळी डोंगरावर जायचा, संध्याकाळी येऊन मुकाट जेवायचा, आभार मानायचा. एरवी तिच्या पावाच्या गोळ्यांना तोफगोळे म्हणून चिडवणारा माणूस, पण यंदा चकार शब्द नाही. त्याचा हा अदबशीरपणा तिला शिवीसारखा लागत होता.

निघायच्या दिवशी तिने हात मिळवला, पण त्याच्या गाडीवर स्की आहेत का, हे बघायचं धाडस तिला झालं नाही. गाडी वळणाआड गेल्यावर ती भिंतीला धरून तळघरात उतरली.

कोपरा रिकामा होता. फरशीवर तेवढा ओला डाग.

ती पायरीवर बसून रडली. नवरा गेला तेव्हाही इतकी रडली नव्हती, आणि हे कळून तिला आणखीच रडू आलं. मग डोळे पुसून ती स्वतःच्या खोलीतल्या चादरी काढायला वर गेली.

दार पुरतं उघडेना. मागे काहीतरी अडत होतं. तिने अंग चोरून आत पाऊल टाकलं. दारामागे, तिच्या कपाटाला टेकून, टिलमानच्या स्की उभ्या होत्या, नीट पुसून, पट्ट्याने बांधलेल्या.

गेबहार्ट चादरी न्यायला आला. त्याने एकदा स्कीकडे बघितलं, एकदा आईकडे.

"खाली नेऊन ठेवू?"

"राहू दे तिथंच," नोटबुर्गा म्हणाली. "आणि तुझ्या त्या कॉम्प्युटरला यात नाक खुपसू देऊ नकोस."

पुढे वर्षभर ती त्या दारातून अंग चोरूनच आत-बाहेर करत राहिली.