देवाच्या माथी नको

आमच्या वाघोलीच्या इमारतीत लिफ्टचं जाळीचं दार कुणी उघडं टाकलं की लिफ्ट वरच अडकते. खाली आरडाओरडा होतो. कबूल मात्र कुणीच होत नाही. अपवाद तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. चूक त्यांची असली तर ते जिना उतरून सांगायला येतात, "मीच विसरलो हो."

"अहो, वरूनच दार लावायचं ना, खाली कशाला आलात?" असं मी एकदा म्हटलं.

"रविवारी चर्चमध्ये देवापुढे कबूल करायचं आणि इथे तुमच्यापुढे गप्प बसायचं, हे बरं नव्हे."

आम्हाला याचं हसू यायचं.

गेल्या वर्षी नगर रोडवर त्यांची स्कूटर खड्ड्यात आदळली आणि मागे बसलेल्या काकू गेल्या. प्रार्थनासभेला आम्ही सगळे होतो. येताना खड्ड्याला शिव्या देतच आलो होतो. चर्चचे पाळक म्हणाले, "प्रभूनं आपल्या लेकीला बोलावून घेतलं."

काका उठून उभे राहिले.

"पाळकसाहेब, देवाच्या माथी मारू नका. खड्डा रोजचाच होता. उपासनेला उशीर होत होता, म्हणून मी गाडी पळवली. ती दोनदा म्हणाली, 'अहो, हळू.'"

एवढं बोलून ते बसले. कुणालाच मान वर करवेना.

हल्ली ते दार वारंवार विसरतात. लिफ्ट अडकली आणि जिन्यात त्यांची पावलं वाजली, की आमच्यातलं कुणीतरी घाईघाईनं ओरडतं, "काका, माझ्याकडून राहिलं!"

काका कठडा धरून थांबतात.

"नका हो असं करू," म्हणतात. "माझी चूक माझ्याकडेच राहू द्या."